पाठवणीची वही : संग्राह्य कार्डं सुखरूप पोचवण्याच्या नोंदी

४ जून

दादाने आणि मी लहानपणापासून जमवलेल्या कार्डांपैकी १८६ कार्डं ऑनलाइन विकायला काढली आहेत. फोटो, यादी आणि घेणाऱ्यांशी बोलणं दादाकडे, पॅकिंग आणि पाठवणं माझ्याकडे. "एक पाकीट, दोन पुठ्ठे, झालं की. त्यात वही कसली करायची?" असं दादा म्हणाला. पण यातल्या कित्येक कार्डांना आम्ही वीस वर्षं उघडं बोटसुद्धा लावलेलं नाही. त्यांचा सगळ्यांत धोक्याचा प्रवास आता होणार आहे आणि तो आमच्या डोळ्यांआड होणार आहे, म्हणून मला नोंदी ठेवायच्याच आहेत.

कार्डाची किंमत त्याच्या अवस्थेवर ठरते. ग्रेडिंग करणाऱ्या कंपन्या १ ते १० अशी श्रेणी देताना कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि छपाई किती मध्यावर आहे हे पाहतात. एका कोपऱ्याचा रंग सुईच्या टोकाएवढा उडून आतला पांढरा कागद दिसू लागला, तरी १० गेला. १० आणि ९ यांच्या किमतीत कित्येक पटींचा फरक पडू शकतो. म्हणजे मला सांभाळायचे आहेत ते चार कोपरे.

आज फक्त मापं घेतली. मॅजिक आणि पोकेमॉन या पत्त्यांच्या खेळांची कार्डं ६३ × ८८ मिमी. यु-गि-ओची त्याहून लहान, ५९ × ८६. दादाने मोठेपणी घेतलेल्या जुन्या बेसबॉल कार्डांचं माप मात्र एक नाही. टॉप्स या कंपनीचं १९५२चं कार्ड साधारण ६७ × ९५ मिमी आहे, ते आजच्या स्लीव्हमध्ये, म्हणजे कार्डाच्या पातळ प्लास्टिक पाकिटात, मावत नाही. १९५७पासून टॉप्सने अडीच गुणिले साडेतीन इंच हे माप धरलं आणि तेच पुढे रुळलं. १९०९ ते १९११ या काळात सिगारेटच्या पाकिटांतून मिळणारी टी-२०६ मालिकेतली कार्डं तर जेमतेम ३७ × ६७ मिमी. ती नेहमीच्या स्लीव्हमध्ये घातली की खिशातल्या नाण्यासारखी हलतात.

जाडी 'पॉइंट'मध्ये मोजतात. १ पॉइंट म्हणजे इंचाचा हजारावा भाग. टॉपलोडर म्हणजे वरून उघडं, कडक प्लास्टिकचं पाकीट. नेहमीचा ३५ पॉइंटचा, म्हणजे साधारण ०.९ मिमी जागेचा असतो. कापडाचा तुकडा बसवलेली जाड कार्डं १३० पॉइंटपर्यंत जातात, त्यांना टॉपलोडरही तेवढाच लागतो. सगळ्या कार्डांचे मापाप्रमाणे गठ्ठे केले. संध्याकाळ त्यातच गेली.

७ जून

थरांचा क्रम ठरवला. आधी कार्ड नव्या, पातळ पॉलिप्रॉपिलीन स्लीव्हमध्ये. जुनी स्लीव्ह चालणार नाही, कारण आतली धूळ वाळूसारखी घासते आणि चकचकीत पृष्ठभागावर केसासारखे ओरखडे उठतात. मग स्लीव्हसकट टॉपलोडरमध्ये. त्यावर टॉपलोडरच्या मापाची, चिकटपट्टीने बंद होणारी पिशवी.

टॉपलोडरमध्ये कार्ड सरकवताना घाई केली तर कोपरा इथेच, माझ्याच हातात मोडेल. टॉपलोडर दोन्ही कडांनी हलका दाबला की त्याचं तोंड किंचित उघडतं, मग कार्ड आपोआप खाली जातं. नव्या टॉपलोडरच्या कडांना प्लास्टिकचा बारीक कीस चिकटलेला असतो. तो आधी ब्रशने झटकायचा.

टेपचा प्रश्न वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. टॉपलोडरचं तोंड बंद केलं नाही तर हिसक्याबरोबर कार्ड बाहेर डोकावतं आणि नेमके वरचे दोन कोपरे मार खातात. म्हणून टेप लागतोच. चार रिकाम्या टॉपलोडरना चार प्रकारचे टेप लावून दोन दिवस उन्हात ठेवले होते. पारदर्शक सेलोटेपचा डिंक पातळ होऊन तोंडाच्या आत उतरला. खाकी पॅकिंग टेप काढताना टॉपलोडर इतका वाकवावा लागला की आत कार्ड असतं तर मोडलंच असतं. रंगकाम करणारे कडा झाकायला वापरतात तो निळा टेप स्वच्छ निघाला. यापुढे कार्डाच्या आसपास फक्त तोच वापरायचा आणि त्याचं टोक दुमडून धरायला जीभ ठेवायची.

चुंबकाने बंद होणाऱ्या जाड केसमध्ये दादाची दोन कार्डं आहेत. टेबलावर सुंदर दिसतात. उंचीवरून पडली की चुंबक सुटतो आणि केस पुस्तकासारखी उघडते. प्रवासात या केसच्या कडेलाही निळा टेप आणि वर बंद पिशवी. चार स्क्रूने आवळायची जुनी केसही एक सापडली. तिच्यात कार्ड दाबलं जाऊन पातळ होतं आणि ग्रेडिंगवाले असं कार्ड परत पाठवू शकतात. त्यातलं कार्ड आजच बाहेर काढलं.

११ जून

पाडून पाहण्याचा दिवस. पॅकिंगच्या चाचण्यांचे नियम ठरवणारी इस्टा नावाची संस्था आहे. तिच्या १-ए या पद्धतीत हलकं पार्सल ७६ सेंटीमीटरवरून दहा वेळा पाडतात : एकदा कोपऱ्यावर, त्या कोपऱ्याला मिळणाऱ्या तीन कडांवर एकेकदा आणि मग सहाही बाजूंवर. ७६ सेंटीमीटर म्हणजे आमच्या जेवणाच्या टेबलाची उंची. माझ्याकडे यंत्र नाही, पण टेबल आहे आणि फरशी आहे.

चाचणीसाठी किंमत नसलेली साधी कार्डं घेतली. आत काय घडतं ते कळावं म्हणून कार्डांच्या कडांना पेन्सिलीचं शिसं घासलं. कार्ड आत जितकं सरकेल तितकी करडी रेघ स्लीव्हवर उमटणार.

पहिलं पाकीट : स्लीव्ह, टॉपलोडर, बबल रॅपचं पाकीट, बस्स. बहुतेक जण असंच पाठवतात. दहा पडण्यांनंतर बाहेरून काहीच झालेलं नव्हतं. आत टॉपलोडर पाकिटाच्या एका कोपऱ्यात जाऊन बसला होता. त्या कोपऱ्यावर पुढचा मार आला असता तर मध्ये फक्त बुडबुड्यांचा एक थर होता. करड्या रेघा ३ मिलिमीटर लांब.

दुसरं : टॉपलोडर दोन पुठ्ठ्यांमध्ये, पुठ्ठे चारी बाजूंनी टेपने एकमेकांना बांधलेले. टॉपलोडर त्यांच्यामध्येच सरकत राहिला आणि सहाव्या पडणीनंतर त्याचा कोपरा पुठ्ठ्याबाहेर आला.

तिसऱ्यात पिशवी निळ्या टेपच्या दोन पट्ट्यांनी एका पुठ्ठ्यावरच चिकटवली आणि मग वर दुसरा पुठ्ठा ठेवला. चारही बाजूंना पुठ्ठा दोन सेंटीमीटर मोठा ठेवला. म्हणजे कोपऱ्यावर मार आला तर आधी रिकामा पुठ्ठा चेपेल. दहा पडण्यांनंतर पुठ्ठ्याचा एक कोपरा दबला, टॉपलोडर जागचा हलला नाही, रेघा जवळपास नाहीतच.

टी-२०६च्या मापाचं कार्ड कापून नेहमीच्या स्लीव्हमध्ये घालून पाडलं, तर स्लीव्ह आतून शिशाने काळी झाली. त्या मापाच्या स्लीव्ह वेगळ्या मागवायला हव्यात. त्या येईपर्यंत ही कार्डं यादीतून काढून ठेवायला दादाला सांगितलं. त्याला पटायला वेळ लागला, म्हणून त्याला ती काळी स्लीव्ह दाखवली.

दिवसभर मी मऊपणाच्या मागे होते : अजून एक थर, अजून थोडा बबल रॅप. शिशाच्या रेघांनी वेगळंच सांगितलं. कार्ड आत हलत असेल तर वरून कितीही मऊ गुंडाळा, प्रत्येक धक्क्याला ते स्वतःच्याच आवरणावर आपटतं.

१२ जून

वाकण्याची चाचणी. नळीदार पुठ्ठा नळ्यांच्या दिशेने सहज दुमडतो, आडवा दुमडत नाही. दोन्ही पुठ्ठ्यांच्या नळ्या एकाच दिशेने असतील तर अख्खं सँडविच त्या रेषेवर मोडतं. एकाच्या नळ्या उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या ठेवल्या की गुडघ्यावर दाबूनही वाकत नाही. पुठ्ठा तोच, खर्च तोच, फक्त कापताना दिशा बघायची. कापलेल्या तुकड्यांवर पेन्सिलीने बाण काढून ठेवते आहे.

साध्या पत्राच्या पाकिटात टॉपलोडर घालून पाठवू नये याचं कारण आज दादाला नीट समजावलं. मोठ्या टपाल केंद्रांत पत्रांची वर्गवारी यंत्रावर होते. पट्टे आणि रोलर यांच्या वळणांतून पाकीट वेगाने फिरतं आणि प्रत्येक वळणावर ते वाकेल असं यंत्राने गृहीत धरलेलं असतं. ताठ टॉपलोडर वाकत नाही, मग पाकीट फाटतं आणि टॉपलोडर यंत्रात राहतो. "वाकवू नका" असं वर लिहिलं तरी रोलरला ते वाचता येत नाही. स्वस्त कार्डं साध्या पाकिटातूनच पाठवायची असतील तर टॉपलोडर न घालता, लवचीक पुठ्ठ्यात. आमच्या यादीत तशी थोडीच आहेत.

१५ जून

पाणी. बंद पिशवीत घातलेला टॉपलोडर बादलीत अर्धा तास बुडवला, आत कोरडा टिश्यू ठेवून. टिश्यू एका कोपऱ्यात ओला झाला. चिकटपट्टीच्या टोकाला घडी राहिली होती. पट्टी मधून बाहेरच्या बाजूला अंगठ्याने दाबत नेली, पुन्हा बुडवला, कोरडा. एवढंच.

१९ जून

पहिली सहा पाकिटं गेली. सगळी ट्रॅकिंगसकट. बाहेर कुठेही 'कार्ड', खेळाचं नाव किंवा दुकानासारखं नाव नाही. पाठवणाऱ्याच्या जागी नुसतं आडनाव आणि पत्ता. आत काय आहे हे वाटेतल्या कुणाला कळायचं कारण नाही.

आठवड्याच्या सुरुवातीलाच पाठवायचं असं ठरवलं. सुट्टीच्या तोंडावर दिलेलं पार्सल कुठल्यातरी गोदामात दोन दिवस नुसतं पडून राहतं.

२७ जून

वाईट बातमी. सहापैकी पाच सुखरूप पोचली. सहावंही पोचलं, पाकिटाला धक्कासुद्धा नव्हता. घेणाऱ्याने पुठ्ठ्याची कड कटरने कापली आणि पातं पिशवी, टॉपलोडर, स्लीव्ह आणि कार्डाचा डावा खालचा कोपरा कापून गेलं. त्याने फोटो पाठवला. फोटोत कार्डाशेजारी कापलेला तुकडा नीट मांडून ठेवला होता. मला खूप वेळ तो फोटो बंद करता आला नाही. ते कार्ड मी शाळेत असताना दोन महिने डबल कार्डं साठवून, अदलाबदल करून मिळवलं होतं.

दादा म्हणाला, "त्याने कापलं, आपण काय करणार?" नियमाने बघितलं तर बरोबर आहे. पण मी पुठ्ठ्याच्या चारही कडा पॅकिंग टेपने गच्च बंद केल्या होत्या. उघडायला पात्याशिवाय दुसरा मार्गच ठेवला नव्हता. पातं कुठे थांबवायचं हे त्याला बाहेरून कसं कळणार? मी पॅकिंग केलं ते टपाल खात्याशी लढण्यासाठी. उघडणाऱ्या माणसाचा विचार केलाच नव्हता.

रात्री दादाशी पुन्हा बोलले. पैसे पूर्ण परत करायचे ठरले आणि कार्ड त्यालाच ठेवून घ्यायला सांगायचं. दादाने कुरकूर केली नाही.

३० जून

नवी रचना. पॅकिंग टेप फक्त सगळ्यांत बाहेरच्या पाकिटाला. त्याच्या आत सगळा निळा टेप, प्रत्येक पट्टीला दुमडलेली जीभ. पुठ्ठे चारही बाजूंनी बांधायचे नाहीत, समोरासमोरच्या दोनच बाजूंनी, रुंद पट्टीने. त्यावर जाड अक्षरात चिठ्ठी : "पातं वापरू नका. निळी जीभ ओढा."

चाचणीसाठी आईला पाकीट दिलं, काहीही न सांगता. फक्त बघत बसले.

"कात्री दे गं," आई म्हणाली. दिली. तिने बाहेरचं पाकीट अगदी कडेला कापलं, ठीक. मग पुठ्ठा हातात घेतला आणि कात्रीचं टोक सरळ दोन पुठ्ठ्यांच्या फटीत घातलं. चिठ्ठी मागच्या बाजूला होती.

"आई, मागे बघितलं नाहीस?"

"मागे कशाला बघू? वस्तू पुढून उघडतात."

तिचं बरोबर होतं. चिठ्ठी दोन्ही बाजूंना लावली. दुसऱ्या वेळी तिने वाचली, पण जीभ सापडेना, कारण निळ्यावर निळी. जिभेच्या टोकाला कागदाचा पिवळा तुकडा अडकवला. तिसऱ्या वेळी कात्री तिने बाजूला ठेवली आणि पिवळं टोक धरून ओढलं. पुठ्ठे उघडले, पिशवी हातात आली. पिशवीची चिकटपट्टीही तशीच सुटली. पुढे टॉपलोडरमधून कार्ड काढताना तिने तो उलटा धरून झटकायला सुरुवात केली, म्हणून चिठ्ठीत अजून एक ओळ वाढली : "कडा हलक्या दाबा, स्लीव्हचं टोक धरून बाहेर घ्या." ते टोक धरता यावं म्हणून स्लीव्ह टॉपलोडरमध्ये थोडी वर राहील अशी बसवते आहे.

या एका दुपारी जे कळलं ते आठवडाभर पाकिटं पाडून कळलं नव्हतं. यापुढे कुठलीही नवी रचना आधी आईच्या हातात.

४ जुलै

फॉइल कार्डांचा वेगळा त्रास. कार्डाचा कागद हवेतली ओल शोषतो आणि फुगतो. फॉइलचा थर शोषत नाही. त्यामुळे दमट हवेत मागचा कागद लांब होतो आणि कार्डाच्या कडा चित्राच्या बाजूला वळतात. कोरड्या हवेत उलट, कडा मागे जातात. आमची काही फॉइल कार्डं नुसती बाहेर ठेवल्यावर तासाभरात वळू लागली. पिशवीत बंद करताना आत जी हवा असते तीच पुढचे कित्येक दिवस कार्डाबरोबर राहते, म्हणून दमट दिवशी फॉइल कार्डं पॅक करायची नाहीत. ४० ते ५० टक्के आर्द्रता असेल तेव्हाच. सिलिका जेलची पुडी घालू का, असं दादाने विचारलं. नको. लहान बंद पिशवीत ती हवा फार कोरडी करते, शिवाय पुडीचा फुगवटा कार्डावर दाबला जातो.

थंडीतून आलेलं पार्सल गरम खोलीत लगेच उघडलं तर आतल्या प्लास्टिकवर दव धरतं. थंड ठिकाणच्या घेणाऱ्यांना दादा आता आधीच कळवतो की पार्सल काही तास घरात तसंच राहू द्या.

९ जुलै

आज कार्डाला हात लावला नाही, फक्त पुराव्यांचं काम. एका घेणाऱ्याला त्याचं ट्रॅकिंग उघडत नव्हतं. आंतरराष्ट्रीय टपालाचा क्रमांक एस-१० या मानकाप्रमाणे असतो : दोन अक्षरं, नऊ अंक, मग देशाची दोन अक्षरं. नवव्या अंकात पडताळणी असते. पहिल्या आठ अंकांना अनुक्रमे ८, ६, ४, २, ३, ५, ९, ७ ने गुणायचं, बेरीज ११ ने भागायची आणि बाकी ११ मधून वजा करायची. उत्तर १० आलं तर ०, ११ आलं तर ५. उदाहरणार्थ १२३४५६७८ : बेरीज २०४, बाकी ६, म्हणून नववा अंक ५. दादाने पाठवलेल्या क्रमांकाचं गणित जुळेना. पावती बघितली तर दोन अंक उलटसुलट टाइप झाले होते. दादा आता क्रमांक टाइप करत नाही, पावतीचा फोटोच पाठवतो.

दुसरी काळजी बदललेल्या कार्डाची. आपण चांगलं कार्ड पाठवायचं आणि परत यायचं ते खराब, त्याच चित्राचं. म्हणून महागाचं प्रत्येक कार्ड पाठवण्याआधी तिरप्या प्रकाशात जवळून टिपते. छपाईतला एखादा ठिपका, चारी बाजूंच्या किनारीची रुंदी, कापताना राहिलेली कड. जुन्या पोकेमॉन फॉइल कार्डांत तर फॉइलवरचे तारे आणि भोवरे प्रत्येक प्रतीत वेगळ्या जागी पडलेले असतात, ते त्या कार्डाचे बोटांचे ठसेच. त्यानंतर एकसलग व्हिडिओ : कार्डाची पुढची बाजू, मागची बाजू, पॅकिंग, बंद पाकीट, लेबल. मध्ये कट नाही आणि कार्ड एकदाही चौकटीबाहेर जात नाही.

वजनाचा पुरावा मात्र मर्यादित आहे. एक कार्ड साधारण १.८ ग्रॅमचं. स्वयंपाकघरातला काटा १ ग्रॅमपर्यंतच दाखवतो, आत कार्ड आहे की नाही हे त्यावर धड कळत नाही. पावतीवरचं वजन इतकंच सांगतं की पाकीट रिकामं नव्हतं आणि वाटेत कुणी जाड काही काढून घेतलं नाही. तेवढ्यासाठी ते नोंदवून घ्यावंच.

१४ जुलै

सगळ्यांत मोलाचं कार्ड विकलं गेलं. ते ग्रेड केलेलं आहे, म्हणजे कडक प्लास्टिकच्या वेल्डिंग केलेल्या स्लॅबमध्ये, वर प्रमाणपत्राचा क्रमांक. हा क्रमांक ग्रेडिंग कंपनीच्या संकेतस्थळावर तपासता येतो, म्हणून घेणाऱ्याला तो आधीच कळवला.

स्लॅब मजबूत वाटतो, पण त्याचे कोपरे ठिसूळ असतात आणि पृष्ठभागावर ओरखडे पटकन उठतात. आधी स्लॅबच्या मापाची मऊ पिशवी. मग दोन सेंटीमीटर मोठे पुठ्ठे, नळ्या आडव्या-उभ्या. त्यावर बबल रॅप, बुडबुडे आतल्या बाजूला. हे सगळं छोट्या खोक्यात, खोका हलवून कानाशी धरला, आवाज नाही. तो खोका मोठ्या खोक्यात, सहाही बाजूंना पाच सेंटीमीटर चुरगळलेला कागद घट्ट भरून. नुसता हवेशीर भरला तर वाटेत कागद बसतो आणि खोका आत फिरू लागतो.

कसं पाठवायचं यावर दादाशी दोन संध्याकाळी चर्चा झाली. कुरियर वेगवान आहे. पण मी अटी शेवटपर्यंत वाचल्या. संग्राह्य वस्तूंना भरपाई नाही किंवा तिला छोटी मर्यादा, असं कलम कित्येक कुरियरच्या अटींत असतं. शिवाय "जाहीर केलेली किंमत" म्हणजे विमा असं आपण समजतो, तसं नेहमी नसतं. त्या रकमेपर्यंत कंपनीची जबाबदारी, आणि तीही पॅकिंग पुरेसं होतं असं त्यांना पटलं तर. म्हणून खोके आणि पुठ्ठे तपासणी होईपर्यंत फेकू नका असं घेणाऱ्याला आधीच सांगून ठेवायला हवं.

मी रजिस्टर्डच्या बाजूने होते. संथ असतं, पण हातोहात सही होऊन पुढे जातं. दादाला एक जुनी गोष्ट सांगितली : १९५८च्या नोव्हेंबरमध्ये हॅरी विन्स्टन या जवाहिऱ्याने होप हिरा न्यूयॉर्कहून वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाला पाठवला तो साध्या खाकी कागदात गुंडाळून, रजिस्टर्ड टपालाने आणि विमा उतरवून. हिरा आजही तिथेच आहे. दादा क्षणभर बघत राहिला आणि म्हणाला, "मग आपलं कार्ड पण जाऊ दे तसंच."

सांध्यांवर प्लास्टिकच्या टेपऐवजी पाणी लावून चिकटवायची कागदी पट्टी लावली. ती खोक्याच्या कागदात मुरते. काढायचा प्रयत्न केला तर कागद फाटल्याशिवाय निघत नाही आणि तिच्यावर शिक्काही उमटतो. पोचल्यावर सही घेऊनच ताब्यात द्यायचं, दाराशी ठेवून जायचं नाही.

१६ जुलै

घेणारा दुसऱ्या देशातला आहे. त्याने दादाला लिहिलं की सीमाशुल्काच्या फॉर्मवर 'भेट' लिहा आणि किंमत कमी टाका. नाही म्हणून कळवलं. खोटं लिहिणं चूक आहेच. शिवाय पार्सल हरवलं तर फॉर्मवरची किंमतच खरी धरली जाणार, मग विमा कुठल्या तोंडाने मागायचा? टपालाने जाणाऱ्या छोट्या पाकिटाला आतल्या वस्तूची किंमत ३०० एसडीआरपर्यंत (एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) असेल तर सीएन-२२ हा छोटा फॉर्म आणि त्याहून जास्त असेल तर सीएन-२३ असतो. आपल्याला सीएन-२३. वर्णनात ब्रँडचं नाव न घालता "छापील संग्राह्य कार्ड, १ नग" असं खरं आणि साधं लिहिलं. बाहेरून काही कळू नये हा माझा नियम इथे मोडतो आणि त्याला इलाज नाही, सीमाशुल्कवाल्यांना खरं कळलंच पाहिजे. घेणाऱ्याने थोडा वेळ घेतला, पण मान्य केलं.

२५ जुलै

ट्रॅकिंग सहा दिवस एकाच ओळीवर. रजिस्टर्डमध्ये असं होतं हे माहीत आहे, तरी दिवसातून दहा वेळा बघितलं. दादाने घेणाऱ्याला रोज एक ओळ लिहिली : अजून हललेलं नाही, आम्ही बघतोय. त्याचंही उत्तर रोज आलं.

२८ जुलै

दुसऱ्या एका विक्रीत, पैसे आल्यावर निरोप आला, "मी प्रवासात आहे, पाकीट या दुसऱ्या पत्त्यावर पाठवा." दादा पत्ता बदलणारच होता. मी थांबवलं. ऑर्डरवरच्या पत्त्याखेरीज दुसरीकडे पाठवलं आणि उद्या "मला मिळालंच नाही" अशी तक्रार आली, तर आपल्या बाजूने काहीच उरत नाही. ऑर्डर रद्द करून नव्या पत्त्याने पुन्हा घ्या, असं कळवलं. पुन्हा निरोप आला नाही.

२ ऑगस्ट

स्लॅब पोचला. घेणाऱ्याने उघडतानाचे फोटो पाठवले. मोठ्या खोक्याचा एक कोपरा चांगलाच चेपलाय, काहीतरी जड त्यावर पडलेलं दिसतंय. कागद तिथे दबला आहे. आतल्या खोक्याला सुरकुतीसुद्धा नाही. तिसऱ्या फोटोत पिवळं टोक धरलेली दोन बोटं, चौथ्यात स्लॅब खिडकीच्या उजेडात, चारही कोपरे शाबूत. मी तो फोटो मोठा करून एकेक कोपरा बघितला. आईला दाखवला, तिने आधी पिवळं टोक बघितलं.

टी-२०६च्या मापाच्या स्लीव्हही आजच आल्या. शिसं लावून एकदा पाडून बघितलं, रेघ नाही. ती कार्डं आता यादीत परत घालायला दादाला सांगितलं.

उरलेली कार्डं ४१. सोमवारी पाच पाकिटं. निळा टेप संपत आलाय, पुठ्ठे कापायचे आहेत.